पायाची बुरशी म्हणजे सरसकट बी३५.३ नव्हे

ऐरोलीत मेडिकल कोडिंग, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला ठरलेला कोड देणं, शिकवताना दर बॅचमध्ये हेच ऐकते: “पायाला बुरशी ना? मग बी३५.३, नखं त्यातच आली.” नाही आली. आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतल्या निदान-कोडांच्या यादीत बी३५.३ म्हणजे टिनिया पेडिस, पावलाच्या कातडीची बुरशी. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या आपल्या चिखल्या बऱ्याचदा याच. नख पिवळं, जाड, ठिसूळ झालंय आणि डॉक्टरांनी टिनिया अंग्वियम, म्हणजे नखाची बुरशी, लिहिलंय, तर बी३५.१. दोन्ही निदानं असतील तर दोन्ही कोड. कातडीला किंवा नखाला कॅन्डिडा ही वेगळी बुरशी असेल तर बी३७.२.

आणि अमेरिकेच्या ओपीडी चार्टवर नुसतं ‘सस्पेक्टेड’ असेल, तर बुरशीचा कोड लावूच नका. खाज, नखाचा बदललेला रंग, जे नोंदलंय त्याचाच द्या. वर्णन वाचून निदान आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांना क्वेरी पाठवायची.