सारसदर्शनासाठी येणाऱ्या पाहुण्यांना माहिती

सहल निश्चित करण्यापूर्वी एक बाब स्पष्ट करणे आम्हांला आवश्यक वाटते. महाराष्ट्रात आता मोजकेच सारस उरले असून ते प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातील धानपट्ट्यात आढळतात. त्यामुळे पक्षी दिसेलच अशी हमी आम्ही देत नाही आणि तो न दिसल्यास शुल्क परत केले जात नाही.

सारस रात्री तळ्याच्या उथळ पाण्यात उभे राहतात आणि उजाडताच चरण्यासाठी बांध्यांकडे (धानाच्या खाचरांकडे) निघतात, म्हणून हिवाळ्यात आमची गाडी पहाटे पाच वाजता सुटते. परसवाडा व झिलमिली तलावांचा परिसर आणि बाघ व वैनगंगा नद्यांच्या काठची शेते येथे प्रथम शोध घेतला जातो. धानकापणीनंतर नजर दूरवर पोहोचते, हा या दिवसांचा मोठा फायदा आहे.

पूर्ण वाढलेला सारस माणसाएवढा उंच असतो. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये त्याच्याइतका उंच दुसरा नाही. अंग राखाडी, तर डोके आणि मानेचा वरचा भाग तांबडा व पिसांविना असतो. राखी बगळा उडताना मान आखडून घेतो, सारस मात्र ती सरळ पुढे ताणतो. (उभ्या सारसाची गफलत मात्र बगळ्यापेक्षा बुजगावण्याशीच अधिक होते, आणि ती आमच्याकडूनही झालेली आहे.) जोडी चोच आभाळाकडे करून एकत्र ओरडू लागली, तर लक्षपूर्वक ऐकावे: नराच्या एका हाकेला मादी बहुधा दोन हाका देते.

पावसाळ्यात सारस पाणी साचलेल्या बांधीत गवत-काड्यांचा ढीग रचून त्यावर साधारणतः दोन अंडी घालतो. घरट्यासाठी आणि त्याच्या भोवताली शेतकऱ्याचे काही धान तुडवले जाते, तरीही अनेक शेतकरी ते सहन करून घरटे राखतात. माणसांची वर्दळ वाढली की पालक पक्षी अंड्यांवरून उठतात आणि तेवढ्यात कावळे किंवा कुत्री डाव साधतात. म्हणून कितीही आग्रह झाला तरी आम्ही घरटी दाखवीत नाही.

निरीक्षण रस्त्यावरून, शक्यतो गाडीतूनच करावे. शेतमालकाच्या परवानगीशिवाय धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पाय ठेवू नये, ड्रोन आणू नये आणि छायाचित्रासोबत नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. दुर्बीण नसल्यास आदल्या दिवशी कळवावे. आमच्याकडे दोनच आहेत.