सूर्यघर योजनेचा अर्ज: पॅनलच्या आधी मीटरवरचं नाव बघा

छतावर सोलर बसवायचं ठरलं की लोक पहिला फोन एजन्सीला करतात. कोटेशन येतं, दोन किलोवॅट की तीन यावर घरात चर्चा होते, गच्चीवरचं अडगळीचं सामान खाली येतं. आणि अर्ज अडकतो तो लाईट बिलावरच्या एका ओळीत. ती ओळ म्हणजे ग्राहकाचं नाव.

ओळखीपाळखीच्या लोकांना हे अर्ज भरून देताना मी परत आलेले अर्ज बरेच पाहिले. पॅनल किंवा इन्व्हर्टरमुळे अडलेले त्यात फार थोडे होते, बाकी सगळे कागदांमुळे. म्हणून इथे कागदांबद्दलच जास्त लिहितो. योजनेच्या सरकारी पोर्टलवर कुठलं बटण दाबायचं ते तुम्हाला सहज जमेल.

आधी योजना थोडक्यात

पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. १ कोटी घरांच्या छतांवर सोलर बसवायचं उद्दिष्ट आहे, तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची आहे आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत. घरासाठी सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००. पुढे ५ बसवा की १० बसवा, सबसिडी ७८,००० च राहते. हाऊसिंग सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग यासाठी, प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात.

नावातल्या 'मोफत वीज' या शब्दांनी बराच घोळ केलाय. 'सरकार दरमहा ३०० युनिट देणार, मग पॅनल कशाला?' असं विचारणारे अजूनही भेटतात. सरकार युनिट देत नाही. तुमच्या छतावर जी वीज तयार होईल ती तुमच्या वापरातून वजा होते, एवढंच. १ किलोवॅटला स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट धरा. पावसाळ्यात कमी. म्हणजे महिन्याला दीडशे युनिटच्या आत वापर असेल तर १ ते २ किलोवॅट पुरे, दीडशे ते तीनशे असेल तर २ ते ३. एजन्सीने पाचचं कोटेशन दिलं तर आधी मागच्या बारा बिलांमधले युनिट स्वतः जुळवून बघा.

पात्रता सोपी आहे. अर्जदार भारतीय नागरिक हवा, घर आणि छत स्वतःचं हवं, घरगुती वीजजोडणी चालू हवी आणि सोलरसाठी आधी सबसिडी घेतलेली नसावी. घराच्या पुढच्या खोलीत दुकान असेल आणि मीटर व्यावसायिक वर्गात असेल, तर त्या मीटरवर घरगुती सबसिडी मिळत नाही.

मीटर कुणाच्या नावावर आहे?

पोर्टलवर तुम्ही वितरण कंपनी निवडता आणि ग्राहक क्रमांक टाकता. महावितरणचा असेल तर तो बारा आकडी असतो. त्या क्रमांकावर जे नाव आहे तेच नाव अर्जाला लागतं, आणि सबसिडी जमा होण्याच्या वेळी बँक खात्याचं नावही त्याच्याशी जुळावं लागतं.

एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद व्यवस्थित घेऊन आल्या होत्या. आधार, पासबुक, घरपट्टीची पावती, सहा महिन्यांची बिलं. बिलं वेळेवर भरलेली, एक रुपयाची थकबाकी नाही. पण मीटर सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे जाऊन अकरा वर्षं झालेली. घरपट्टी नवऱ्याच्या नावावर. बँक खातं त्यांचं स्वतःचं. एका घराचे तीन कागद आणि तीन नावं. एजन्सीला आगाऊ रक्कम देऊन झाली होती. त्यांना 'आधी नाव बदलून आणा' एवढंच सांगून परत पाठवलेलं, कसं बदलायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. याचा मला राग येतो. अकरा वर्षं त्याच नावाने पैसे घेताना कुणाला अडचण आली नाही.

तुमचंही असंच असेल तर सूर्यघरचा अर्ज बाजूला ठेवा आणि आधी वितरण कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करा. वारसाहक्काने नाव लागायचं असेल तर मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती ही मुख्य कागदपत्रं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. बहीण परगावी असते, भावाशी बोलणं बंद असतं. या सहीने वाटणीचा हक्क जात नाही, लाईट बिलावर कुणाचं नाव असावं एवढ्यापुरतीच ती संमती आहे, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा आणि संमतीपत्रातही तसंच लिहा. बऱ्याच सह्या या एका वाक्याने मिळतात. घर विकत घेतलेलं असेल तर इंडेक्स २ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि आधीच्या मालकाची थकबाकी नसल्याची खात्री एवढ्यावर काम होतं.

नवीन नाव बिलावर छापून आलेलं दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. अर्ज स्वीकारल्याची पोच मिळाली म्हणजे नाव बदललं असं नाही.

स्पेलिंगकडेही लक्ष द्या. जुन्या बिलांवर फक्त आडनाव आणि आद्याक्षरं असतात, आधारवर पूर्ण नाव असतं. दुरुस्तीचा अर्ज साधा आहे, पण तो आधी केला तर साधा. पॅनल बसून बाकी सगळं झाल्यावर केला तर सबसिडी लटकते.

गावात सात-बारा, शहरात गच्ची

मालकीचा पुरावा म्हणून गावाकडचे लोक हमखास सात-बारा घेऊन येतात. सात-बारा शेतजमिनीचा. गावठाणातल्या घराला तो नसतोच. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा चालतो, किंवा सिटी सर्व्हे झालेला असेल तर प्रॉपर्टी कार्ड. गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन सनद मिळाली असेल तर ती सोबत ठेवाच.

शहरात प्रश्न वेगळा. फ्लॅट तुमचा असला तरी गच्ची सोसायटीची. सचिवांनी तोंडी 'बसवा की' म्हटलं म्हणून लोक पुढे जातात, आणि पॅनलची फ्रेम उभी राहिली की वरच्या मजल्यावरचे हरकत घेतात. गच्चीचा कोणता भाग, किती चौरस फूट, किती वर्षांसाठी आणि वॉटरप्रूफिंग करायची वेळ आली तर पॅनल उतरवायचा खर्च कुणाचा, हे लिहून सोसायटीचं पत्र घ्या. जागा साधारण १ किलोवॅटला शंभर चौरस फूट धरा, तीही सावली नसलेली. पाण्याच्या टाकीची सावली दुपारनंतर कुठे जाते ते एक दिवस गच्चीवर उभं राहून बघितलंत तर पुढची बरीच वर्षं बरं पडेल.

सोसायटीच्या सामायिक मीटरवर सोलर बसवायचं असेल तर ठराव लागतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी, आणि तिच्या विषयपत्रिकेत हा विषय नसेल तर 'ऐनवेळचे विषय' म्हणून उरकलेल्या ठरावाला कुणीही आव्हान देऊ शकतं. सभा होऊन गेली असेल तर वर्षभर थांबू नका, विशेष सर्वसाधारण सभा बोलावता येते. मात्र सभा बोलावण्याआधी समितीने जिन्याखालच्या मीटरचं बिल काढून बघावं. कितीतरी इमारतींत ते अजून बिल्डरच्याच नावावर निघतं. सोसायटी नोंदणी होऊन पंधरा-वीस वर्षं झाली, दर महिन्याला बिल सोसायटी भरते, आणि नाव मात्र बिल्डरच्या कंपनीचं. तेव्हा सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि समितीचा ठराव जोडून नावबदल आधी करून घ्या.

एजन्सी निवडताना

पोर्टलवर नोंदणी असलेल्याच व्हेंडरकडून काम करून घ्या. पोर्टलवर अर्ज करायला पैसे लागत नाहीत, 'फाईल पुढे सरकवायचे' म्हणून कुणी मागितले तर देऊ नका.

पॅनल डीसीआर आहेत का, हे कोटेशनवर लेखी घ्या. डीसीआर म्हणजे सेल आणि ते जोडून तयार केलेलं पॅनल (मॉड्यूल) दोन्ही भारतात बनलेलं. फक्त जुळणी भारतात झालेलं पॅनल चालत नाही, आणि ते स्वस्त असल्यामुळे कोटेशनमध्ये हळूच तेच टाकलं जातं. त्यावर वीज तयार होईल, सबसिडी मिळणार नाही. पॅनलच्या मागच्या बाजूला अनुक्रमांक असतो. फ्रेमवर चढवल्यावर तो वाचायला कठीण जातो, म्हणून पॅनल खाली टेकवून ठेवलेले असतानाच एकेकाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. हेच क्रमांक पोर्टलवर चढवले जातात. करारात पाच वर्षांच्या देखभालीची अट असते, ती खोडलेली नाही हे सही करण्याआधी बघा.

'सबसिडी वजा करून एवढेच द्या' असं सांगून कोऱ्या चेकवर सही घेणाऱ्यांपासून लांब राहा. घरगुती अर्जात सबसिडी तुमच्या खात्यात येते. पैशांची जुळणी होत नसेल तर ३ किलोवॅटपर्यंतच्या संचाला २ लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं, त्याचा अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून करता येतो.

मुदती कशा मोजायच्या

इथे फार लोक चुकतात. वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक पडताळणीची गरज नाही, तो मान्य झाल्याचं धरलं जातं, आणि मंजूर भार (तुमच्या जोडणीला मान्य असलेले किलोवॅट) वाढवायचा असेल तर ते कामही वितरण कंपनीनेच करायचं आहे. मंजूर भार एकच किलोवॅट आहे म्हणून तुम्हाला वेगळ्या अर्जासाठी पाठवलं तर या नियमाचा उल्लेख करून लेखी उत्तर मागा.

त्याच दुरुस्तीत १५ दिवसांची मुदत आहे. ती अर्जाच्या दिवसापासून धरायची नाही. संच बसवून झाल्याचं प्रमाणपत्र तुम्ही दिलं की तिथून पंधरा दिवसांत कंपनीने करार, मीटर आणि जोडणी पूर्ण करायची. ते प्रमाणपत्र एजन्सी देते, आणि कित्येकदा ते एजन्सीच्याच टेबलावर पडून असतं. तक्रार करण्याआधी ते कोणत्या तारखेला पोर्टलवर गेलं एवढं विचारा.

सबसिडी जमा व्हायची ३० दिवसांची मुदत तर आणखी पुढे सुरू होते. नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा) बसतो, कंपनी तपासणी करून संच सुरू झाल्याचा अहवाल चढवते, मग तुम्हाला पोर्टलवर बँकेचा तपशील भरावा लागतो. हा तपशील भरायचाच राहून गेलेले लोक तीन-तीन महिने वाट बघताना मी पाहिले आहेत. कुणी फोन करून आठवण करत नाही. बँक विलीन झाली असेल तर जुन्या पासबुकवरचा आयएफएससी कोड घालू नका, बँकेतून नवीन विचारून घ्या.

आणि २०२६-२७ ही मुदत ऐकून शेवटच्या महिन्याची वाट बघू नका. नावबदल, ठराव, नेट मीटर यांतला एकेक टप्पा वेळ खातो.

पहिलं बिल

नेट मीटर लागल्यावर येणारं पहिलं बिल नीट वाचा. बिल शून्य येत नाही, स्थिर आकार लागतोच, त्यामुळे घाबरू नका. बघायचं ते असं: बिलात आयात (कंपनीकडून घेतलेली वीज) आणि निर्यात (तुम्ही कंपनीला दिलेली) असे दोन आकडे आलेत का. मीटरवर बटण दाबलं की दोन्ही रीडिंग दिसतात. रीडिंग घेणारा येईल त्याच दिवशी दोन्हींचा फोटो काढून ठेवा. निर्यातीचा रकाना रिकामा असेल तर फोटो आणि बिल घेऊन त्याच महिन्यात तक्रार नोंदवा. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात खरी, पण ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद होतो, उरलेली युनिट वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने कंपनी घेते आणि एप्रिलपासून खातं नव्याने सुरू होतं. ऑक्टोबरात चुकलेलं रीडिंग मे महिन्यात दुरुस्त करून मिळवणं फार जिकिरीचं होतं.