सलोह काँक्रीट (आरसीसी)

पोलादी सळयांचा सांगाडा आत ठेवून ओतलेले काँक्रीट म्हणजे सलोह काँक्रीट. पुस्तकांत ‘प्रबलित काँक्रीट’ असेही नाव आढळते. बोलण्यात मात्र सगळीकडे ‘आरसीसी’च चालते, आणि खेड्यापाड्यांत तर पक्क्या घराला ‘आरसीसीचं घर’ म्हणतात. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे मिश्रण दगडासारखे कठीण होते, पण दगडाची खोडही त्यात उतरते: दाब भरपूर सोसते, ताण जेमतेम. ताणाखाली काँक्रीटची ताकद दाबाच्या साधारण एक दशांश असते. उरलेले काम पोलादाने करायचे असते, आणि ते होईल की नाही हे सळई किती आहे यापेक्षा ती नेमकी कुठे आहे यावर जास्त अवलंबून असते.

सळईची जागा

दोन टोकांना टेकलेला बीम भाराने किंचित खाली झुकतो. त्याचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. नुसत्या काँक्रीटचा बीम असेल तर तळाला तडा जातो आणि तो काही सूचना न देता मोडतो. म्हणून मुख्य सळया तळाशी ठेवतात. हाच बीम कॉलमवरून पलीकडच्या खोलीत सलग जात असेल, तर कॉलमपाशी परिस्थिती उलटी होते. तिथे ताण वर असतो, म्हणून सळयाही वर. भिंतीतून बाहेर आलेल्या गॅलरीचा किंवा छज्जाचा ताण तर सर्वच्या सर्व वरच्या अंगाला असतो.

ओतकामाच्या दिवशी सर्वांत जास्त चुका याच शेवटच्या प्रकारात होतात. समजा गॅलरीचा स्लॅब १२५ मिमी जाडीचा आहे, वरच्या सळया १० मिमीच्या आहेत आणि त्यांच्यावर २० मिमी काँक्रीट येणार आहे. सळईच्या मध्यापासून तळापर्यंत १०० मिमी खोली मिळते. घमेली घेऊन माणसे त्या जाळीवरून चालली आणि जाळी २५ मिमी दबली, तर गॅलरीची जवळजवळ पाव ताकद गेली. ५० मिमी दबली तर निम्म्याहून अधिक गेली. सिमेंट उत्तम, सळई नामांकित, नकाशा बिनचूक, आणि तरीही. वरची जाळी उचलून धरण्यासाठी ‘चेअर’ नावाचे सळईचे घोडे लावतात ते यासाठीच. किरकोळ बांधकामात पहिली काटछाट बहुधा त्यांच्यावरच होते.

आधाराजवळ बीमला तिरपे तडे जाण्याचा धोका असतो. तो अडवतात त्या उभ्या रिंगा, म्हणजे मुख्य सळयांभोवती गुंडाळलेली बारीक सळईची कडी. म्हणून टोकांकडे रिंगा जवळजवळ आणि मधे विरळ असतात.

हे दोन पदार्थ एकत्र का नांदतात

याला थोडा योगायोगच म्हणावा लागेल. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की पोलाद दर मीटरला सुमारे ०.०१२ मिमी वाढते, काँक्रीट सुमारे ०.०१०. हे आकडे एकमेकांपासून दूर असते तर वैशाखातल्या दुपारी सळई आपल्या जागेवरून सुटली असती. दुसरी गोष्ट अशी की ओल्या सिमेंटमुळे काँक्रीटच्या आत तीव्र अल्कली वातावरण तयार होते (पीएच साधारण १२.५ ते १३). त्यात पोलादावर डोळ्यांना न दिसणारा संरक्षक थर चढतो आणि गंज थांबतो. तिसरी, पकड. पूर्वी गुळगुळीत सळई वापरत, नंतर पीळ दिलेली ‘टॉर’ सळई आली, आता आडव्या उंचवट्यांची टीएमटी सळई सर्रास आहे. टीएमटी तप्त असतानाच पाण्याच्या फवाऱ्याने झटकन थंड केली जाते; त्यामुळे तिची साल कणखर आणि गाभा लवचीक राहतो.

थोडा इतिहास

फ्रान्समधल्या जोसेफ-लुई लांबोने १८४८ मध्ये तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपून होडी केली. बागकाम करणाऱ्या जोसेफ मोनिएने १८६७ मध्ये झाडांच्या कुंड्यांसाठी पेटंट घेतले. शोधाचे श्रेय बहुधा मोनिएलाच दिले जाते, आणि ते थोडे अन्यायाचे आहे. मोनिएची जाळी सहसा जाडीच्या मध्यावर असे, तिथे ती आकार धरून ठेवते पण वाकण्याला फारसा विरोध करत नाही. ताणाची बाजू ओळखली ती न्यूकॅसलच्या विल्यम विल्किन्सनने. १८५४ च्या पेटंटात त्याने वापरलेले तारदोर मजल्याच्या तळाकडे घातले होते. ताणाच्या बाजूला पोलाद घालण्याच्या या विचाराचा गणिती पाया १८८६ च्या सुमारास बर्लिनमध्ये मॅथियास कोएनेन यांनी मांडला. १८९२ मध्ये फ्रांस्वा एनेबिकने कॉलम, बीम, स्लॅब आणि रिंगा एकसंध ओतण्याची पद्धत पेटंट केली. आजच्या कोणत्याही इमारतीचा सांगाडा त्या कल्पनेचा वारस आहे. १९०३ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत सोळा मजली इंगल्स बिल्डिंग उभी राहिली आणि हे साहित्य उंच इमारतींना चालेल का हा वाद मिटला. मुंबईत १९३० आणि १९४० च्या दशकांत मरीन ड्राइव्हवर व ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग झाली. त्यांच्या गोलाकार गॅलऱ्या आणि दूरवर झुकलेले छज्जे आरसीसीशिवाय शक्य नव्हते. ओव्हलच्या पूर्वेकडच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह हा परिसर २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

आराखडा

भारतात आरसीसीचे मूळ मानक आयएस ४५६. ते १९५३ मध्ये आले, १९७८ च्या आवृत्तीत त्यात मर्यादा-अवस्था पद्धत आली, आणि २००० ची आवृत्ती पुढे अनेक वर्षे अभियंत्यांच्या टेबलावर राहिली. या पद्धतीत साहित्याची ताकद हिशेबात कमी धरतात आणि भार जास्त. एम २० म्हणजे २८ दिवसांनी १५० मिमीच्या ठोकळ्याला दर चौरस मिमीला २० न्यूटन दाब सोसणारे काँक्रीट. वाकणाऱ्या बीमच्या हिशेबात त्याचे जेमतेम ९ धरले जातात. एफई ५०० म्हणजे दर चौरस मिमीला ५०० न्यूटन ताणापर्यंत कायमची न ताणणारी सळई; तिच्या ५०० चे ४३५ होतात. उलट भार सर्वसाधारणपणे दीडपट धरतात.

भार कशाचा, हे पाहिले की नवख्याला आश्चर्य वाटते. आरसीसीचे वजन घनमीटरला सुमारे २,५०० किलो. म्हणजे १२५ मिमीचा स्लॅब दर चौरस मीटरला तीनशे किलोंहून जड, तर राहत्या घरातली माणसे-सामान धरून मानक सांगते ते सुमारे २०० किलो. स्लॅब मुख्यतः स्वतःलाच पेलत असतो.

‘जरा जास्तच लोखंड टाक’ हा घरमालकांचा आवडता आग्रह, आणि तो नेहमी भल्याचा नसतो. बीममध्ये सळई बेताची असेल तर अतिभाराखाली ती आधी ताणते, बीम लोंबकळतो, तडे दिसतात, माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. सळई अति झाली तर ती ताणण्याआधीच वरचे काँक्रीट चिरडते आणि सगळे एकदम येते. म्हणून दाबाखालच्या भागाची खोली मानकाने बांधून दिली आहे: एफई ५०० साठी परिणामी खोलीच्या (दाबाच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंतच्या अंतराच्या) ०.४६ पट, त्यापुढे नाही.

साइटवर

सळईचे वजन काढायचे सूत्र सळया बांधणाऱ्या फिटरला आणि ठेकेदाराला तोंडपाठ असते: मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर दर मीटरला किलोत. १२ मिमीची सळई ०.८९ किलो भरते. सेंटरिंग (ओले काँक्रीट पेलणारा तात्पुरता साचा) उभे राहिले, सळया बांधल्या, तारेने गाठी मारल्या, सळई साच्यापासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक खाली ठेवले, की स्लॅब टाकायचा दिवस ठरतो. नारळ फुटतो, मिक्सर सुरू होतो आणि खरी परीक्षा पाण्याची असते. पाणी-सिमेंट प्रमाण ०.५ असेल तर ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी, तेही वाळूतली ओल धरून. माल घट्ट वाटला की घमेल्यावरचा माणूस बादली ओततो. ते जास्तीचे पाणी नंतर उडून जाते आणि मागे छिद्रे ठेवते. माल नीट बसवायचा तो व्हायब्रेटरने, पाण्याने नव्हे. व्हायब्रेटर कमी पडला तर सेंटरिंग काढल्यावर मधाच्या पोळ्यासारखी पोकळ खडी दिसते आणि लगेच तिच्यावर गिलावा चढवला जातो. हा प्रकार गिलाव्याने झाकला जातो, दुरुस्त होत नाही.

नंतर पाणी मारायचे. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) मिसळलेल्याला किंवा कोरड्या कडक हवेत किमान दहा. स्लॅबवर आळी करून पाणी साठवणे ही जुनी आणि अजूनही उत्तम रीत. ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस, त्याहून लांब असेल तर चौदा. सहा मीटरपेक्षा लांब बीमखाली एकवीस.

भूकंप

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जाड दगडी भिंती आणि त्यांवरची जड मातीची माळवदे कोसळली. त्या घरांत आरसीसी नव्हतेच, आणि पुनर्वसनाच्या बांधकामात भिंतींना बांधून ठेवणारे आरसीसी पट्टे आले. पण २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात केंद्रबिंदूपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादमध्ये आरसीसीच्याच इमारती पडल्या. त्यांपैकी बऱ्याच खाली मोकळे पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले अशा होत्या. हादऱ्याची सारी हालचाल तळमजल्याच्या कॉलमांवर आली. अशा वेळी कॉलम तगतो तो रिंगांमुळे. आयएस १३९२० प्रमाणे कॉलमच्या टोकांपाशी रिंगांतले अंतर १०० मिमीपेक्षा जास्त नको आणि रिंगेची टोके १३५ अंशांत आत वळलेली हवीत. ९० अंशांची टोके बाहेरचे काँक्रीट निखळताच उघडतात आणि कॉलमच्या गाभ्याला धरून ठेवणारे काही उरत नाही. १३५ अंश वळवायला वेळ लागतो, म्हणून फिटरला ९० प्रिय.

कव्हर आणि गंज

सळईबाहेरच्या काँक्रीटच्या थराला कव्हर म्हणतात. मानकानुसार सौम्य परिस्थितीत २० मिमी, मध्यम परिस्थितीत ३०, समुद्रकाठच्या तीव्र वातावरणात ४५. कॉलमला किमान ४० आणि फुटिंगला, म्हणजे कॉलमखालच्या पायाला, ५०. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू शिरतो, अल्कलीपणा घटवतो, आणि असा अल्कली गमावलेला थर सळईपर्यंत पोचला की तिचे संरक्षण संपते. त्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे कव्हर निम्मे ठेवले तर सळई निम्म्या नव्हे, पाव काळात उघडी पडते. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सारून दिलेल्या सळईचा हिशेब असा होतो.

किनाऱ्यावर मिठातले क्लोराइड याहून वेगाने काम करते. खारी वाळू वापरली असेल तर ते पहिल्या दिवसापासून आतच असते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जाते. तो आतून ढकलतो, सळईच्या रेषेत चीर पडते, ढलपे सुटतात. छताला तपकिरी रेघ दिसली की ती नुसती ओल समजून पुट्टी भरणारे पुष्कळ. आधीच ताणून ठेवलेल्या तारांच्या पूर्वप्रतिबलित काँक्रीटमध्ये हा गंज अधिक घातक, कारण त्या तारा सतत मोठ्या ताणाखाली असतात. पणजीजवळचा मांडवीवरचा जुना पूल १९८६ मध्ये कोसळला तेव्हा चर्चा याच गंजाची झाली.

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३बी प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. तपासनीस हातोड्यासारख्या यंत्राने पृष्ठभाग चाचपतात, विद्युत विभव मोजून गंजाचा माग काढतात, आणि काँक्रीटचा ताजा तोडलेला भाग फिनॉल्फ्थॅलीनने भिजवतात. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल-अल्कली ओळखायला वापरतात तेच हे द्रव्य. अल्कली शाबूत असेल तिथे गडद गुलाबी रंग चढतो. हवेने खाल्लेला बाहेरचा थर रंगहीन राहतो. त्या रंगहीन थराची जाडी पट्टीने मोजायची, कव्हरच्या जाडीशी ताडून पाहायची, आणि गुलाबी सुरू होण्याआधीच सळई लागली तर तोडकामाची खूण करायची.