थेंब न सांडणारी गळती

रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर मे महिन्यात एका डिझेल बोटीचं इंजिन रोज तसंच वागायचं. सकाळी मुश्किलीने सुरू व्हायचं, दोन मिनिटं बरं चालायचं आणि वेग वाढवला की धापा टाकत बंद. टाकी भरलेली, नळीखाली ओल नाही. नागपुरातला कुठलाही मिस्त्री ऐकताक्षणी सांगेल, ‘एअर धरली,’ म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली. खरंच आहे. पण ती शिरली कुठून?

गळती म्हटली की आपण खाली ओल शोधतो. इथे तसं चालत नाही. बोटीत टाकी बहुधा इंजिनाच्या खालच्या पातळीवर असते आणि फीड पंप तिथून डिझेल ओढतो. त्या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्यामुळे सैल सांध्यातून डिझेल बाहेर येत नाही, हवाच आत जाते. विहिरीवर पंप चालवणाऱ्या शेतकऱ्याला हे ठाऊक असतं: सक्शन पाइपला चीर पडली की पंप पाणी उचलत नाही. इंजिन बंद असताना त्याच सांध्यातून हवा शिरते आणि डिझेल रात्रभरात टाकीकडे उतरतं, म्हणून सकाळचा तो त्रास. वेग वाढला की ओढ वाढते, शिरणारी हवाही वाढते. तुंबलेला फिल्टर ही ओढ आणखी वाढवतो.

एवढ्याशा बुडबुड्याने इंजिन का थांबावं? जुन्या धाटणीच्या इंजिनांत इंजेक्टरची, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाची, सुई उचलायला वातावरणाच्या १५० ते २०० पट दाब लागतो. त्या दाबाखाली डिझेल जेमतेम टक्काभर आकसतं, त्यामुळे इंजेक्शन पंपातल्या प्लंजरचा (दट्ट्याचा) धक्का थेट सुईपर्यंत पोचतो. हवा मात्र शंभरपटीहून जास्त आकसते. प्लंजर तिला स्प्रिंगसारखी दाबत राहतो आणि सुई जागची हलत नाही.

दिसेल तो सांधा आवळत सुटणं मला मुळीच पटत नाही. आधी जागा हेरावी. फीड पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. मग इंजिनापेक्षा उंचावर डिझेलचा डबा टांगून त्यातून थेट पंपाला पुरवठा द्यावा. इंजिन सुरळीत चाललं, तर दोष टाकीच्या बाजूला. तेव्हा डबा इंजिनाच्या खाली ठेवून तिकडचा एकेक भाग परत जोडत जायचं. बुडबुडे परत दिसले की शेवटी जोडलेला भाग दोषी.

खिंडसीवर दोष पहिल्या फिल्टरजवळ सापडला. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यात इंजिनाची धग. रबरी नळीचं टोक कडक होऊन चिरलं होतं. क्लिप कितीही आवळली तरी कडक रबर निपलला, म्हणजे नळी चढवायच्या तोटीला, बिलगत नाही. टोक कापून भागलं नसतं, अख्खी नळीच बदलली. बेंजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसरही नवे घातले, कारण एकदा चेपलेलं तांबं पुन्हा नीट बसत नाही. मग ब्लीड स्क्रू, म्हणजे अडकलेली हवा बाहेर काढायचा स्क्रू, सैल करून डिझेलचा हातपंप मारत राहिलो. आधी फेस आला, मग फेसाळ डिझेल, आणि शेवटी अखंड धार.