जनगणना आणि ग्रामीण विदर्भ

जनगणना आणि ग्रामीण विदर्भ : जनगणनेत जमा झालेल्या आकड्यांवरून विदर्भातील खेड्यांची वस्ती, कामधंदे, जाती-जमाती, भाषा, धर्म आणि स्थलांतर समजून घेण्याची अभ्यासपद्धती. अमरावती आणि नागपूर या दोन महसूल विभागांतील अकरा जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या २०११ साली सुमारे २ कोटी ३० लाख होती. हा आकडा पाठ करून विदर्भ कळत नाही. प्रश्न कोणी विचारला, वर्षाच्या कोणत्या दिवसांत विचारला आणि मिळालेले उत्तर कोणत्या रकान्यात पडले, हे ठाऊक असेल तर मात्र जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतून गावाचे गाव उभे राहते.

देशात सगळीकडे एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १८८१ ची. विदर्भात मोजणीची सुरुवात त्याच्याही आधी झाली. नागपूर ज्यात होते त्या मध्य प्रांतात १८६६ साली आणि १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या वऱ्हाडात १८६७ साली माणसे मोजली गेली. या जुन्या आकड्यांत दुष्काळ आणि साथी सरळ दिसतात. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २८ लाख ९७ हजार होती, ती १९०१ मध्ये २७ लाख ५४ हजारांवर आली. मधल्या दहा वर्षांत १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन मोठे दुष्काळ येऊन गेले होते. पुढे १९१८ च्या इन्फ्लुएंझाने अशीच झड घातली. १९११ ते १९२१ या दशकात साऱ्या देशाचीच लोकसंख्या किंचित घटली, आणि त्यानंतरच्या कोणत्याही जनगणनेत ती घटलेली नाही.

जनगणनेचे गाव म्हणजे महसुली गाव, मौजा. लोकांच्या बोलण्यातले गाव आणि जनगणनेतले गाव एकच असेल असे नाही. गट ग्रामपंचायतीत तीन-चार मौजे असतात आणि एकाच मौज्यात मूळ गावठाण, टोला, तांडा, पोड अशा वेगवेगळ्या वस्त्या असतात. यवतमाळकडचे कोलाम आदिवासींचे पोड किंवा गडचिरोलीतला टोला स्वतंत्र मौजा नसेल, तर त्याचा आकडा मोठ्या गावात मिसळून जातो. रस्ता, पाणी, शाळा यांची नोंद गावाच्या नावाने ‘आहे’ अशी होते आणि दोन किलोमीटरवरचे पोड कोरडेच राहते. गावाची सरासरी बरी दिसली म्हणून पोडाची स्थिती बरी आहे असे धरणे ही या आकड्यांच्या वापरातली सर्वांत महागडी चूक आहे.

पूर्व विदर्भात एकाच नावापुढे माल, चक, तुकूम, रिठ असे शब्द लागलेले मौजे सापडतात. त्यातल्या रिठाची ओळ वाचावी अशी असते. गावाचे नाव आहे, क्षेत्रफळ आहे आणि लोकसंख्येच्या जागी शून्य. पूर्वी कधीतरी वस्ती होती, साथीने, पाण्यावाचून किंवा आणखी कशाने ती उठून गेली. शिवार राहिले, पारावरचा देव राहिला आणि सातबाऱ्यावर नाव राहिले. शेजारच्या गावचे लोक तिथे शेती करतात. जिल्ह्यात गावे किती, या प्रश्नाची दोन उत्तरे येतात ती यामुळे : रिठांसह एक आणि वस्तीची गावे मोजली तर दुसरे.

मोजणीचे काम १९४८ च्या जनगणना कायद्याखाली होते आणि खेड्यात ते बहुतेक वेळा जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींवर किंवा बाईंवर येते. आधी घरयादी होते : भिंत मातीची की विटांची, छपराला कवेलू की टिन, पाणी कुठून आणता, चूल कशावर पेटते. मग काही महिन्यांनी माणसांची मोजणी. घर आणि कुटुंब या जनगणनेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुटुंब ठरते ते चुलीवरून. एका वाड्यात दोन भाऊ राहतात; गुरुजी विचारतात, “एका चुलीवर किती जण जेवता जी?” धाकटा वेगळा निघाला असेल आणि त्याची चूल निराळी असेल तर एका छपराखाली दोन कुटुंबे लिहायची. राशन कार्डे दोन पण स्वयंपाक एकत्र, तर कुटुंब एकच. म्हणून गावातील राशन कार्डांची संख्या आणि जनगणनेतील कुटुंबांची संख्या जुळत नाही. त्यात कोणी लबाडी केली असे समजू नये.

वयाचा रकाना सर्वांत अवघड. म्हाताऱ्या माणसांना जन्मतारीख ठाऊक नसते, प्रसंग ठाऊक असतात. “आजी, वय किती लिहू?” असे विचारले की उत्तर येते, “बहात्तरच्या दुष्काळात माहा मोठा पोरगा मांडीवर होता.” यावरून हिशोब लावावा लागतो. नागपूरची १९५६ ची धम्मदीक्षा, १९७२ चा दुष्काळ, वर्धा नदीकाठी १९९१ सालचा मोवाडचा पूर अशा खुणा हाताशी असलेला प्रगणक (मोजणी करणारा) वय बरेच जवळचे लिहितो. खुणा नसल्या की साठ, पासष्ट, सत्तर असे गोल आकडे पडतात. वयोगटांच्या तक्त्यात शून्य आणि पाच यांवर संपणाऱ्या वयांचे उंचवटे दिसतात ते याच कारणाने. अभ्यासकाने अशा ठिकाणी एकेक वय न घेता पाच किंवा दहा वर्षांचे गट घ्यावेत.

कामाच्या रकान्यात चार पेट्या असतात : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील कामगार आणि इतर. वर्षात सहा महिने किंवा अधिक काम केले तर ‘मुख्य काम करणारे’, त्याहून कमी तर ‘सीमांतिक’. विदर्भाच्या कोरडवाहू शेतीला ही विभागणी कशी लागू पडते ते बाईच्या वर्षावरून पाहावे. जूनमध्ये सरकी टोबणे, जुलै-ऑगस्टमध्ये निंदण, दिवाळीच्या आसपास सोयाबीन सोंगणे, मग जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी. मधे खाडे, पाऊस, आजारपण. एवढे राबूनही कामाचे दिवस मिळून सहा महिने भरत नाहीत आणि ती सीमांतिक ठरते. त्याहून वाईट म्हणजे दारात आलेल्या माणसाने “काय करता?” असे नुसते विचारले तर घरचा पुरुष सांगतो, “काई नाई, घरीच राह्यते.” आणि ती काम न करणाऱ्यांत जाते. स्वतःच्या शेतात बिनमजुरीने केलेले कामही काम म्हणून धरायचे, अशी प्रगणकांना स्पष्ट सूचना असते. ती किती पाळली जाते यावर गावच्या बायांचा आकडा ठरतो. एका गावात निम्म्या बाया कामकरी आणि शेजारच्या, तशाच पिकांच्या गावात जेमतेम दहावा हिस्सा असे दिसले, तर फरक बायांमध्ये शोधण्याआधी विचारणाऱ्यात शोधावा. शेतमजुरांचा आकडा मात्र बऱ्यापैकी भरवशाचा आहे. यवतमाळ, अमरावतीसारख्या कापसाच्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांपेक्षा शेतमजुरांची संख्या मोठी आहे, आणि शेतीच्या संकटाविषयी बोलताना ती नेहमी विसरली जाते. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो कर्जमाफीच्या यादीत नसतो. जनगणनेत तो असतो.

जात, जमात, धर्म आणि भाषा या रकान्यांत माणसे तीच राहून आकडे बदलू शकतात. याची सर्वांत मोठी उदाहरणे विदर्भाच्या मातीतलीच आहेत. १९५१ साली महाराष्ट्रात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि १९६१ च्या जनगणनेत हा आकडा २७ लाख ८९ हजारांवर गेला. दहा वर्षांत एवढी माणसे कुठून आली, असा प्रश्न इथे पडत नाही. गावच्या गावांनी धर्माच्या रकान्यात स्वतःहून ‘बौद्ध’ लिहवून घेतले. त्याची किंमतही त्याच तक्त्यांत दिसते. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता, त्यामुळे बौद्ध लिहिणारा माणूस अनुसूचित जातीच्या मोजणीतून बाहेर पडे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यातील अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ मध्ये सुमारे ७ टक्के होते, ते १९९१ मध्ये ११ टक्क्यांवर गेले. हा इतिहास न पाहता दोन जनगणनांची वजाबाकी करणारा माणूस त्या दशकात दलितांची लोकसंख्या अचानक वाढली असे लिहून मोकळा होतो. तेव्हापासून जनगणना जवळ आली की वस्त्यावस्त्यांतून सभा होतात आणि धर्माच्या जागी बौद्ध व जातीच्या जागी आपली जात असे दोन्ही लिहा, हे सांगितले जाते.

आदिवासींच्या आकड्यांतही अशीच एक उडी आहे. १९७६ पर्यंत जमातींना क्षेत्राचे बंधन होते. मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ अशा ठरावीक तालुक्यांत राहणारा गोंड अनुसूचित जमातीचा. तोच हद्द ओलांडून शेजारच्या तालुक्यात स्थायिक झाला तर नव्हे. बंधन उठले आणि राज्यातील अनुसूचित जमातींची नोंद १९७१ मधील साडेएकोणतीस लाखांवरून १९८१ मध्ये सुमारे ५८ लाखांवर गेली. या वाढीत अनेकांच्या नोंदींवरून वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. नागपूर भागातला हलबा-कोष्टी प्रश्न, म्हणजे विणकर कोष्टींचा हलबा जमातीचे असल्याचा दावा, त्यातलाच.

माडिया हे गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीकडचे लोक अतिअसुरक्षित आदिवासी गटात मोडतात, तरी अनुसूचित जमातींच्या यादीत ते गोंड या एका मोठ्या नोंदीखाली येतात. त्यामुळे माडिया किती, याचे उत्तर जनगणनेच्या जमातवार तक्त्यांत थेट मिळत नाही. कोलामांची नोंद वेगळी असल्याने त्यांचे मिळते. पुसद, दिग्रस, मानोरा भागातील बंजारा तांड्यांची गत आणखी निराळी. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत आहेत, अनुसूचित जाती वा जमातींत नाहीत, म्हणून स्वातंत्र्यानंतर २०११ पर्यंतच्या एकाही जनगणनेत त्यांची समाज म्हणून मोजणी नाही. आणि तांड्यातली आई मुलाशी जी गोरबोली बोलते ती अंतिम बेरजेत हिंदीच्या गटात जाते. ज्या मातृभाषेचे बोलणारे देशात दहा हजारांपेक्षा कमी, तिचे नाव तर प्रसिद्धच होत नाही. मेळघाटातील कोरकू मात्र स्वतंत्र भाषा म्हणून मोजली जाते. २०११ मध्ये देशभरात तिचे ७ लाख २७ हजार भाषक नोंदले गेले. धर्माच्या रकान्यात ‘गोंडी’ लिहवून घेणारेही देशात १० लाखांवर होते, ते ‘इतर धर्म’ या सदरात सापडतात. धर्म आणि भाषा यांचे आकडे गावनिहाय छापले जात नाहीत, तालुक्यापर्यंतच मिळतात, हेही शोधणाऱ्याने आधी जाणून घ्यावे म्हणजे वेळ वाया जात नाही.

जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करताना हद्दी पाहाव्यात. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरमधून, वाशिम १९९८ मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळे झाले. २०११ मध्ये गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे होती, राज्यात ३६५. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली गडचिरोलीत ९६१, बुलढाण्यात ८५५. साक्षरतेत अकोला ८८ टक्के आणि गडचिरोली ७४ टक्के. शिकलेल्या, दवाखान्यांची सोय असलेल्या पश्चिम भागात मुली कमी आणि जंगलातल्या जिल्ह्यात त्या जास्त, ही गोष्ट मनाला लागते. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत फक्त ५.१८ टक्क्यांनी वाढली, राज्याची १६ टक्क्यांनी. यात जन्म कमी होण्याचा वाटा आहे, तसा पुणे-नागपूरकडे निघून गेलेल्या तरुणांचाही.

स्थलांतराचे तक्ते वाचताना एक भान ठेवावे. लग्न करून सासरी आलेली प्रत्येक परगावची बाई जनगणनेच्या व्याख्येत स्थलांतरित असते, त्यामुळे खेड्यातल्या स्थलांतरितांत बायाच बहुसंख्य दिसतात. हंगामी कामासाठी जाणारे लोक या तक्त्यांत नीट सापडत नाहीत. २०११ ची माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली आणि संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो, १ मार्च सुरू होतानाच्या मध्यरात्रीचा होता. जो माणूस हा सगळा काळ घराबाहेर असेल त्याची नोंद तो असेल तिथे करायची, असा नियम. फेब्रुवारीत आमच्याकडे कोण कुठे असते? पुसदकडच्या तांड्यांतली जोडपी ऊसतोडीला साखर कारखान्यांच्या मुलखात, गडचिरोली-चंद्रपूरचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात, मेळघाटातले कोरकू हरभरा सोंगायला खालच्या गावांत. तांड्यात म्हातारीकोतारी आणि शाळेची पोरे. दारांना कुलपे. कारखान्याजवळच्या पालात प्रगणक पोहोचला तर ती माणसे परक्या तालुक्यात मोजली जातात, नाही पोहोचला तर कुठेच नाहीत.

याचा परिणाम कागदापुरता राहत नाही. ग्रामपंचायतीच्या राखीव जागा, अन्नसुरक्षेचा कोटा, आदिवासी उपयोजनेचा निधी हे सारे लोकसंख्येवर ठरते. दहा हजार किंवा अधिक वस्तीच्या सलग पट्ट्यात निम्म्याहून अधिक आदिवासी असतील तर तो ‘माडा’ या आदिवासी विकास योजनेच्या क्षेत्रात येतो. थोडी घरे कुलूपबंद निघाली तर प्रमाण खाली सरकते. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली आणि ही सर्व गणिते २०११ च्याच आकड्यांवर चालत राहिली. २०११ च्या मोजणीनंतर गावात जन्मलेली मुले तोवर मोठी होत गेली, ती त्या यादीत नव्हतीच.

गावाचा आकडा पाहण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. १९५१ पासून निघणाऱ्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक मौज्याची ओळ असते : कुटुंबे, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुले, अनुसूचित जाती व जमाती, साक्षर, कामकरी, शिवाय शाळा, दवाखाना, एसटी थांबा किती दूर तेही. व्यक्तीची माहिती कायद्याने गुप्त राहते, गावाची नाही. ग्रामसभेत ही ओळ वाचून दाखवली तर चुका तिथल्या तिथे निघतात, कारण टोल्यात घरे किती हे टोल्यातल्या माणसाला ठाऊक असते.

१६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद तीत व्हायची आहे, म्हणजे तांड्यांतल्या बंजाऱ्यांनाही त्यांच्या नावाने मोजले जाईल. माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच येते आणि ऊसतोडीचा हंगाम तेव्हा चालूच असतो.