पार्श्वभूमी : साडेतीनच्या पिनेचा घोळ

फोनसोबत आलेला इअरफोन बाजूला ठेवून चांगला घ्यायचा म्हटले, की बोलणे लगेच ड्रायव्हरवर, म्हणजे आतल्या आवाज काढणाऱ्या भागावर येते. आत किती आहेत, कोणत्या जातीचे, किती मिलिमीटरचे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडच्या अशा खरेद्या फसल्या त्या मात्र बहुतेक दोनच जागी. एक म्हणजे कानात शिरणारी रबरी टिप आणि दुसरी म्हणजे वायरीच्या दुसऱ्या टोकाची साडेतीन मिलिमीटर जाडीची पिन. पिनेने जास्त लोकांना दुकानात परत पाठवले, म्हणून इथे तिलाच जास्त जागा दिली आहे.

मागचे थोडक्यात. टेलिफोनसाठी कानात बसवायच्या यंत्राचे अमेरिकी पेटंट एका फ्रेंच अभियंत्याने १८९१ मध्येच घेतले होते. ट्रान्झिस्टरसोबत एका कानात घालायची गोळी आली आणि तिच्यावर कचेरीतल्या टेबलाखाली क्रिकेटची कॉमेंट्री ऐकली गेली. १ जुलै १९७९ ला जपानमध्ये वॉकमन विक्रीला आला तो कानावर टेकणारे स्पंजचे हेडफोन घेऊन. कानाच्या खोबणीत अडकणारी बटणे १९८२ ची. आपल्याकडे आयातीवर निर्बंध होते तोवर हे सगळे आखातातून आलेल्या मामाच्या बॅगेतून, नाहीतर मुंबईत मुसाफिरखान्याच्या बाजारातून घरी यायचे. हेडफोन बिघडला की जोडून घ्यायचा. सुधारित घ्यायचा, ही कल्पनाच नव्हती.

कानाची नळी पूर्ण बंद करणारे इअरफोन दोन वेगळ्या वाटांनी आले. पहिली वाट श्रवणयंत्रांची. बहिरेपणाच्या यंत्रात वापरायचा बॅलन्स्ड आर्मेचर नावाचा चिमुकला भाग घेऊन एका अमेरिकी कंपनीने १९९१ मध्ये संगीतासाठी इअरफोन काढला. त्याची टिप तीन छत्र्या एकावर एक ठेवल्यासारखी होती आणि किंमत तीनशे डॉलरच्या वर. दुसरी वाट रंगमंचाची. १९९५ च्या सुमारास एका रॉक बँडच्या ध्वनितंत्रज्ञाने ड्रमरच्या कानाचा साचा घेऊन त्याच्या मापाचा इअरफोन बनवला, कारण पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून ड्रमरला स्वतःचेच वादन नीट ऐकू येत नव्हते. त्या स्पीकरला मॉनिटर म्हणत, म्हणून कानातलाही मॉनिटर झाला. आज हजार रुपयांच्या वस्तूलाही दुकानदार 'आयईएम', म्हणजे इन-इअर मॉनिटर, म्हणतो ते या वंशावळीच्या जोरावर. वायर कानावरून मागे नेण्याची पद्धतही तिथलीच, आणि ती नुसती ऐट नाही. वायर सरळ खाली सोडली तर शर्टाला घासल्याचा आवाज थेट कानात येतो.

नळी बंद होते तेव्हा बाहेरचा गोंगाट अडतो आणि खर्जाची हवा कोंडून राहते. फट राहिली की खर्ज गळून जातो, आणि लोक दोष देतात इअरफोनला. दुसऱ्या बाजूच्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढून टिप आत सरकवली आणि मोठी-लहान टिप बदलून पाहिली, की निम्म्या तक्रारी मिटतात. मोकळ्या कानात तीन किलोहर्ट्झच्या आसपास आवाज नैसर्गिकपणे वाढतो. कान बुजवला की ती वाढ नाहीशी होते आणि बनवणाऱ्याला ती परत घालावी लागते. किती घालायची, यावर अजून भांडणे चालू आहेत. ती इथे राहू देत.

आता पिन. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत हिला प्लग किंवा जॅक कोणी म्हणत नाही. 'साडेतीनची', 'बारीक पिन', 'गोल पिन' एवढ्यात व्यवहार उरकतो. वॉकमन, डिस्कमन, सुरुवातीचे आयपॉड या सगळ्यांची पिन तीन भागांची होती. टोक डाव्या कानाचे, मधली कडी उजव्याची आणि बुडाचा भाग दोघांच्या परतीचा, म्हणजे ग्राउंड. कुठलाही इअरफोन कुठेही चालायचा. फोननेच गाणी वाजवायला सुरुवात केली तेव्हा त्याच पिनेत माइकही बसवणे आले. काळी रेघ एकीने वाढली आणि तीन भागांचे चार झाले.

चौथा भाग कुठे द्यायचा, इथे फाटा फुटला. युरोपात जमलेल्या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने बुडाशी ग्राउंड तसाच ठेवला आणि माइक त्याच्या आतल्या कडीवर दिला. अमेरिकी पद्धतीत नेमके उलटे, माइक बुडाला आणि ग्राउंड आत. दोन्ही पिना दिसायला सारख्या, भोकात सारख्याच बसतात, 'टक्' आवाजही सारखाच. डब्यावर कुठली पद्धत आहे हे क्वचितच छापलेले असायचे.

परिणाम ज्याने ऐकला तो विसरलेला नाही. तेव्हाच्या युरोपी वळणाच्या फोनला अमेरिकी पद्धतीचा, माइकवाला, चार पैसे जास्त देऊन घेतलेला इअरफोन लावला की गाण्यातून गायिकाच गायब. बाजूची व्हायोलिने, कोरस, एखादा झांजेचा तुकडा हवेत तरंगतोय आणि मुख्य आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. कारण साधे आहे. परतीची वाट बंद झाल्याने वीज डाव्या कानातून उजव्यात फिरते आणि दोन्ही बाजूंमधला फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा आवाज ध्वनिमुद्रणात मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तोच कटतो. माइकचे बटण दाबून धरले की आतल्या आत माइक आणि ग्राउंड जोडले जातात आणि गायिका परत येते. मी स्वतः ठाण्यापासून दादरपर्यंत ते बटण चिमटीत धरून गेलो आहे. दुसऱ्या दिवशी त्यावर कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. दुकानदाराने इअरफोन डुप्लिकेट ठरवला होता, आणि तो डुप्लिकेट नव्हता.

कोण बरोबर होते? माझे मत युरोपवाल्यांकडे झुकते. बुडाशी ग्राउंड ही तीन भागांच्या पिनेपासून चालत आलेली रीत होती, आणि पिनेचे धातूचे आवरण त्याच भागाला टेकते. ती मोडायला ध्वनीच्या बाजूने सबळ कारण नव्हते. पण २००७ मध्ये आलेल्या एका अमेरिकी फोनने दुसरी पद्धत घेतली, त्याच्यासाठी इअरफोन बनवणाऱ्यांची रांग लागली आणि बाकीचे फोनवाले काही वर्षांत मुकाट्याने तिकडे गेले. (त्याच फोनच्या पहिल्या आवृत्तीत भोक इतके खोल होते की बहुतेकांच्या पिना आत बसतच नव्हत्या. त्याबद्दल मात्र कोणी रीतभात काढली नाही.)

या घोळातून सुटण्याचा एक सोपा मार्ग होता, बिनमाइकचा इअरफोन. तीन भागांच्या पिनेचे बूड लांब असते, ते माइक आणि ग्राउंड दोन्ही जागा एकदम झाकते, म्हणून ती कुठल्याही फोनला चालते. चांगल्या आवाजाच्या शोधातले लोक 'विदाउट माइक' मागायला लागले ते काही अंशी या कारणाने. पुढे त्याला शुद्धतेचा मुलामा चढला, तो भाग वेगळा.

पिनेची दुसरी व्यथा म्हणजे ती गळ्यापाशी तुटते. खिशात फोन, वायर वाकलेली, आणि सहा-आठ महिन्यांत एक कान बंद. तपकीर गल्लीत नवी पिन लावून मिळायची, पण बारीक वायर पाहून बरेच कारागीर हात वर करत. आत उघडी तार नसतेच. लाल, हिरवे, सोनेरी असे केसासारखे धागे, नायलॉनच्या दोऱ्याभोवती गुंडाळलेले, आणि तो रंग म्हणजे लाखेचा थर. सरळ कथील लावले तर चिकटत नाही. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर कथलाचा थेंब घेऊन त्यात तार बुडवून धरायची, धूर निघून लाख जळते, मग तार चकाकते. ज्याला हे जमायचे त्याच्याकडे रांग असे. कंपन्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे इअरफोनपाशीच निघणारी वायर. तिच्याही दोन जाती झाल्या, ०.७८ मिलिमीटरच्या दोन काड्यांची आणि गोल फिरणाऱ्या टिकलीची. अर्थात एकीची वायर दुसरीला बसत नाही.

२०१६ च्या सुमारास दोन गोष्टी एकमेकींना पाठ लावून आल्या. चीनमधून हजार-दोन हजारांत, निघणाऱ्या वायरीचे आणि दोन-तीन ड्रायव्हरचे इअरफोन यायला लागले. पूर्वी पाच-सात हजार मोजून जे ऐकायला मिळे ते आवाक्यात आले. आणि २०१६ च्याच सप्टेंबरात, २००७ चा तो फोन काढणाऱ्या कंपनीने अमेरिकेतल्या मंचावरून साडेतीनचे भोक काढून टाकल्याची घोषणा केली. कारणांमध्ये 'धैर्य' हा शब्दही होता. त्याच दिवशी बिनवायरीची बटणेही दाखवली, हा योगायोग ज्याचा त्याने ठरवावा. ज्या कंपन्यांनी जाहिरातीत या कंपनीची टिंगल केली, त्यांनीही पुढे भोक काढले.

बिनवायरीच्या बड्सनी आपल्याकडे २०२० नंतर बाजार भरून टाकला, आणि लोकलच्या गर्दीत वायर अडकायची बंद झाली, हे मान्य करायलाच हवे. पण त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि सहसा बदलता येत नाही. दहा वर्षांपूर्वीचा वायरवाला इअरफोन नव्या वायरीवर अजून वाजतो.

तो वाजवायला आता बहुतेक फोनांना टाइप-सीचे डोंगल, म्हणजे मधला जोडतुकडा, लागते, आणि जुनेच भूत नव्या पिनेत शिरले आहे. काही फोन टाइप-सीमधून तयार आवाज बाहेर देतात, त्यांना साधे जोडवायर-छाप डोंगल पुरते. बाकीचे फक्त आकडे देतात, त्यांना आत चिप असलेले डोंगल लागते. दोन्ही डोंगल दिसायला सारखी. साधे डोंगल दुसऱ्या जातीच्या फोनला लावले की काहीच ऐकू येत नाही. चिपवाल्यांपैकी नऊ डॉलरचे एक नावाजलेले डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर लावले तर आवाज दबका येतो, मग पुन्हा इअरफोनवर संशय. लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर इअरफोन मागितला की पलीकडून अजूनही पहिला प्रश्न तोच येतो, "फोन कुठलाय?"