गिझरची घरगुती वीजजोडणी

विजेवर पाणी तापवणारा गिझर घरातल्या वायरिंगला सुरक्षितपणे जोडण्याची पद्धत. मोठा विद्युतभार, पाणी आणि ओल्या अंगाने अनवाणी उभा असलेला माणूस या तीन गोष्टी न्हाणीघरात एकत्र येतात, म्हणून या जोडणीचे नियम पंखा-दिव्यांपेक्षा कडक आहेत.

भारतातले १० ते २५ लिटर साठवणीचे गिझर बहुधा २ किलोवॉटचे असतात, ‘इन्स्टंट’ प्रकारचे ३ किंवा ४.५ किलोवॉटचे. २३० व्होल्टवर हे अनुक्रमे सुमारे ९, १३ आणि २० अँपिअर विद्युतप्रवाह घेतात. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॉटच्या गिझरला साधारण १८ मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ वायर पूर्ण भार वाहत असते. ६ अँपिअरचा साधा प्लग पॉइंट इथे तापतो, काळा पडतो. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच हवा. ४.५ किलोवॉटच्या यंत्राला प्लग न वापरता वायर थेट स्विचला जोडतात. मेन बोर्डापासून गिझरसाठी स्वतंत्र लाइन ओढावी. २ ते ३ किलोवॉटला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. अंतर लांब असेल किंवा यंत्र ४.५ किलोवॉटचे असेल, तर ४ चौरस मिलिमीटरची घेतात. स्विच डबल पोल, म्हणजे फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी वायर) दोन्ही तोडणारा, आणि न्हाणीघराच्या बाहेर असावा. फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले असले, तर साधा स्विच बंद करूनही पाणी तापवणारी कॉइल जिवंत राहते, म्हणजे तिच्यात वीज असते.

सर्वांत मोठा गैरसमज एमसीबीबद्दल, म्हणजे भार जास्त झाल्यावर आपोआप ‘पडून’ वीज तोडणाऱ्या बोर्डावरच्या स्विचबद्दल आहे. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नव्हे. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह वाहू लागल्यावरच पडतो. माणसाच्या जिवाला धोका होण्यासाठी त्याचा अगदी लहानसा अंश पुरतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो का, हे तो सतत तपासतो आणि फरक ३० मिलिअँपिअरच्या आत असतानाच वीज तोडतो.

अर्थिंग, म्हणजे यंत्राचा पत्रा वायरने जमिनीला जोडणे, असले तरी आरसीसीबी का हवा, हे एका हिशेबाने कळते. घराच्या अर्थिंगचा रोध २० ओहम असेल, तर गिझरच्या पत्र्याला फेज लागल्यावर जमिनीत जेमतेम ११.५ अँपिअर जातात. १६ अँपिअरचा एमसीबी गप्प राहतो आणि पत्रा जिवंत. आरसीसीबी मात्र हा फरक पकडून वीज तोडतो. दख्खनच्या खडकाळ, उन्हाळ्यात वाळणाऱ्या जमिनीत असा रोध दुर्मीळ नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरण्याची आणि वर पाणी ओतण्याची रीत हा रोध कमी करण्यासाठीच आहे.

जुन्या चाळी-वाड्यांमध्ये फेज आणि न्यूट्रल अशा दोनच वायरी असतात, अर्थची नसते. तिथे काही वायरमन सॉकेटमधली अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून ‘अर्थिंग’ उरकतात. हा प्रकार अर्थिंग नसण्यापेक्षाही वाईट: न्यूट्रल कुठे तुटला, की गिझरच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात, आणि तेही यंत्रात काही बिघाड नसताना. नळाच्या पाइपला अर्थ जोडण्याची सवयही आता निरर्थक आहे, कारण नवे पाइप प्लास्टिकचे असतात.

कॉइल म्हणजे धातूच्या नळीत, मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत बसवलेली तापतार. बोअरच्या जड पाण्याने तिच्यावर क्षार चढतात, नळी जास्त तापते, तडकते आणि भुकटीत ओल शिरते आणि तिच्यातून थोडा प्रवाह गळू लागतो. मग गिझर लावला की आरसीसीबी पडू लागतो. अशा वेळी ‘तो कटकट्या आहे’ म्हणून आरसीसीबीच काढून टाकणारे कमी नाहीत! खरे तर कॉइल बदलायची वेळ झालेली असते. क्वचित दोष वायरिंगचाही असतो: आरसीसीबीतून पुढे गिझरकडे जाणारा न्यूट्रल दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळला असेल, तरी तो पडतो.

साठवणीच्या गिझरसाठी आयएस २०८२, वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही भारतीय मानके आहेत. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचे असते. आरसीसीबीवरचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे. त्याने आरसीसीबी चालतो की नाही ते कळते, अर्थिंगची तपासणी मात्र मीटर लावून वेगळी करावी लागते.